जुना दाखला खोडू नका

गेल्या महिन्यात अकोल्याहून एक मावशी आमच्याकडे अमरावतीला आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत साऱ्या घराचे कागद. बसायच्या आधीच म्हणाल्या, "जयभीम भाऊ. नातवाचे सारे कागदं बदलवा लागतीन म्हणे. एक जण पाच हजार मांगते."

झाले होते असे. मावशींची धाकटी नात जुलै २०२४ ची. तिच्या नावात आईचे नाव आले. थोरला नातू दहावीत. त्याच्या नावात फक्त वडिलांचे नाव. एकाच आईची दोन लेकरे, नाव लिहायच्या रीती मात्र दोन. कुणीतरी भीती घातली की थोरल्याचे कागद आता चालणार नाहीत.

हे खरे नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की शासकीय कागदांवर आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहावे. पण हा नियम १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. त्याआधी जन्मलेल्यांची नावे आहेत तशीच खरी. लग्न झालेल्या बाईचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही रीतही चालू राहिली. अनाथ बालकांना या नियमातून सूट आहे.

जिने नऊ महिने पोटात वागवले तिचे नाव लेकराच्या नावाला लागले, याचा आम्हाला आनंदच आहे. मग सगळ्यांचीच नावे एका झटक्यात का बदलली नाहीत? मावशींचा हाच प्रश्न होता.

उत्तर मावशींसोबत आलेल्या भाच्याने दिले. तो कॉम्प्युटर शिकतो. म्हणाला, "काका, आमच्याकडं बी असंच झालं."

वेबसाइटची पाने जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेवर चालतात. ही भाषा १९९५ मध्ये आली. तीत एखादी गोष्ट साठवायची तर तिला नाव द्यावे लागते. आता पाहा, गल्लीत उभे राहून "बाळू" म्हटले तर चार घरचे बाळू ओ देतात. घरात म्हटले तर आपलाच येतो. नावाची हाक कुठवर पोचावी, याचा नियम प्रत्येक भाषेत असतो. जावास्क्रिप्टच्या जुन्या नियमात, आधी जाहीर न करता नाव वापरले की हाक थेट गल्लीत जाई. एका कामाचा बाळू दुसऱ्या कामात घुसे आणि हिशेब बिघडे.

खोट कळत होती. पण तोवर जगभरची असंख्य पाने त्याच नियमावर उभी होती. नियम एकदम उलटवला असता तर चालती पाने बंद पडली असती. म्हणून २००९ मध्ये तोड निघाली. ज्याला कडक नियम हवा त्याने मजकुराच्या माथ्यावर एक ओळ लिहावी; ओळ नसेल तर जुनाच नियम. २०१५ मध्ये 'लेट' हा नवा शब्द दिला, त्याने घरातली हाक घरातच राहते. जुना 'व्हार' शब्द मात्र काढला नाही. ईमॅक्स नावाच्या दुसऱ्या एका प्रणालीनेही २०१२ मध्ये असेच केले. तिथेही नवा नियम हवा असेल तर फायलीच्या पहिल्या ओळीत तसे लिहायचे.

आपल्या कागदावर ती माथ्यावरची ओळ म्हणजे जन्मतारीख. तारीख पाहायची आणि कोणता नियम लागू ते ठरवायचे.

आपल्या समाजाला तर जुना कागद जपणे फार गरजेचे. जातपडताळणीत अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचे एक अक्षर नातवाचा प्रवेश ठरवते. १९९० मध्ये १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश झाला, तेव्हाही आजोबांच्या नोंदी कुणी खोडल्या नाहीत. म्हणूनच आजोबांचा दाखला आणि नातवाचा दाखला आज एकमेकांना जोडता येतात.

या रीतीचा त्रासही आहे. दोन नियम बरीच वर्षे शेजारी शेजारी नांदणार. खिडकीवरच्या कारकुनाला दोन्ही ठाऊक हवेत. आम्ही स्वतः कारकून आहोत, सांगतो, सगळ्यांना ठाऊक नसतात. कुणी अडवले तर भांडू नका. "साहेब, नियम कोणत्या तारखेपासून?" एवढे शांतपणे विचारा.

घरात बाळ जन्मले तर २१ दिवसांच्या आत नोंद करा. आईचे नाव तिच्या स्वतःच्या कागदांवर आहे तसेच, काना-मात्रेसह लिहून द्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. तिथली चूक पुढे जन्मभर सोबत येते.

मावशींनी पिशवी पुन्हा बांधली. पाच हजार वाचले. जाताना म्हणाल्या, "म्हंजे पोरीच्या नावात माय आली, अन् पोराचं बी काही गेलं नाही."

बरोबर, मावशी. तो जुना दाखला मात्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. घडीवर फाटत चालला आहे.