आगोट भरली, पण गॅसचं काय?

२०२५ मध्ये आमच्या कोकणात आगोट अर्धवटच राहिली. पावसाळ्याआधी चार महिन्यांचं सामान घरात भरून ठेवायचं, त्याला आपल्याकडे आगोट म्हणतात. मिरच्या-हळद वाळवून मसाला कुटून आणायचा, कांदे टांगायचे, आमसुलं, कडधान्यं, सुकट, सोडे, बोंबील डब्यांत बंद करायचे, लाकडं पडवीत रचायची. या सगळ्याला मे महिन्याचं शेवटचं ऊन लागतं. २०२५ मध्ये तेच मिळालं नाही. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला, आणि त्याच्या आधीच कोकणात पाऊस सुरू झाला होता. मिरच्या घरात पंख्याखाली पसरलेल्या मी बऱ्याच ठिकाणी पाहिल्या.

त्यातून सावरतोय तोच १३ जूनला इस्रायल-इराण युद्ध सुरू झालं. ते बारा दिवस चाललं. २२ जूनला इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. २३ जूनला कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं पडली आणि कतारने काही तास आपलं आकाश बंद केलं. ज्यांच्या घरातलं माणूस दोह्यात आहे त्या घरांत रात्री उशिरापर्यंत फोन चालू होते. तेव्हा सामुद्रधुनी शेवटी बंद झाली नाही. बातमी मागे पडली, आपणही विसरलो. पण मला वाटतं त्या बारा दिवसांचा हिशेब प्रत्येक घराने एकदा मांडायला हवा.

टंचाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं धान्य. धान्याचं देशात तसं बरं आहे. गहू-तांदूळ आपल्याकडेच पिकतो, सरकारी गोदामांत साठा असतो. खरी अडचण आहे ती गॅस आणि तेलाची. देशात स्वयंपाकाचा जेवढा गॅस लागतो त्यातला सुमारे ६० टक्के बाहेरून येतो, आणि त्यातला बहुतेक आखातातून, याच होर्मुझमधून. कच्च्या तेलासाठी सरकारने विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखाली साठे केलेत. गॅस साठवायची सोय त्या मानाने फार थोडी आहे. म्हणजे कोकणातल्या आपल्या घरांची चूल आणि घरी येणारा पैसा, दोन्ही एकाच पाण्यावर अवलंबून आहेत. एक बिघडलं की दुसरंही बिघडणार.

खाद्यतेलाचंही तसंच. निम्म्याहून जास्त तेल आपण आयात करतो. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलकडून. २०२२ मध्ये आधी युक्रेनचं युद्ध पेटलं आणि मग २८ एप्रिलला, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यातच थांबवली. बंदी महिन्याभराच्या आतच, २३ मेला उठली, पण ईदचं तळण कुणाला किती महाग पडलं ते प्रत्येक घराला आठवत असेल. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्याच सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेला. शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव मिळावा हा हेतू होता. तो मे २०२५ च्या अखेरीस १६.५ टक्क्यांवर आणला. युद्ध नाही, पूर नाही, तरी फोडणी महागते ती अशी.

मी वर्गात नववीच्या मुलांना विचारलं होतं, दहा दिवस दुकानं बंद राहिली तर तुमच्या घरात आधी काय संपेल? मला वाटलं पीठ म्हणतील. बहुतेकांनी गॅस सांगितला, काहींनी मोबाइलचा रिचार्ज. एक मुलगी म्हणाली, ‘दादीची शुगरची गोळी.’ हे मलासुद्धा सुचलं नव्हतं. आगोटीच्या कुठल्याच यादीत औषध नसतं.

२०२५ मध्ये आगोट सरकारनेही भरली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं. केंद्राने मे महिन्यातच राज्यांना सांगितलं की जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांचं रेशन एकदम वाटा, पावसात रस्ते बंद होतात. निर्णय चांगला होता. माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे पाच माणसांच्या घरात ७५ किलो धान्य एका फेरीत. अंत्योदय कार्ड असेल तर महिन्याचे ३५ धरून १०५ किलो. आता दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत, ओल सुटलेल्या भिंतीला लागून हे धान्य ठेवायचं कुठे? काहींनी आणलं त्याच आठवड्यात त्यातलं थोडं विकून टाकलं. त्यांना नावं ठेवायच्या आधी जागेचा विचार करा. हातात रोख नसलेल्या घराला तांदळापेक्षा तेल, डाळ आणि गॅसची नड जास्त असते.

जागेचं महत्त्व आम्हाला चिपळूणने शिकवलं. २०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती. २२ जुलैला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला, महामार्ग बंद, कोकण रेल्वे बंद. ज्यांनी मनापासून आगोट भरली होती त्यांचीच पोती तळमजल्यावर भिजून फुगली. वीज गेल्यामुळे फ्रीजमधलं कुर्बानीचं गोश्त टाकून द्यावं लागलं. दुकानदाराचाही माल गेलेला, त्यामुळे पैसे असूनही विकत घ्यायला काही नव्हतं. तेव्हा उपयोगी पडलं ते माळ्यावर ठेवलेलं थोडंसंच सामान: पोहे, चुरमुरे, गूळ, शेंगदाणे, खजूर, बिस्किटं. न शिजवता खाता येईल असं. आणि सगळ्यांत आधी संपलं ते पिण्याचं पाणी. चहूकडे पाणी असताना.

म्हणून मी म्हणते, तयारी एकाच प्रकारची नसते. पूर आला तर प्रश्न तीन-चार दिवसांचा असतो. तिथे उंचावर ठेवलेलं कोरडं खाणं आणि झाकणाचे कॅन लागतात. माणशी रोज ३ लिटर धरलं तरी पाच जणांना तीन दिवसांचं ४५ लिटर पाणी होतं, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन पुरे. भाववाढीचा प्रश्न महिना-दोन महिन्यांचा असतो. तिथे तेल आणि डाळ एक महिना पुढची असली की पुरे, जुनं आधी वापरायचं आणि नवीन मागे ठेवायचं. पण लॉकडाऊनसारखं काही आलं, किंवा आखातातून पैसे यायचे थांबले, तर कुठलाच डबा पुरत नाही. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठला घोषणा झाली आणि महिनाभरात रमजान लागला. दुकानं उघडी होती, किराणा मिळत होता. हातगाडीवाल्याकडे, रिक्षावाल्याकडे तो घ्यायला पैसे नव्हते. त्या टंचाईला औषध एकच, दोन महिन्यांचा खर्च बाजूला काढलेला. आमच्यातल्या किती घरांत तो आहे? लग्नाच्या जेवणावळीचे आकडे ऐकले की मी हा प्रश्न विचारते आणि वाईट होते.

गॅसबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्याकडे आपलं लक्ष नाही. शक्य असेल त्याने दुसरं सिलेंडर घ्यावं, आणि एक रिकामं होताच त्याच दिवशी नोंदणी करावी. कडधान्य रात्री भिजवून कुकरला लावलं तर निम्म्या वेळात शिजतं. इंडक्शन शेगडी चांगली, पण पुरात वीज आधी जाते. रेशनचं रॉकेल जवळजवळ बंदच झालंय. गॅस आल्यावर आम्ही परसातली चूल मोडली आणि तिथे बाइक लावायला लागलो. गावात अजून जागा आहे तोवर एक चूल आणि एक भारा सुकी लाकडं राहू द्या, असं माझं मत आहे. सूनबाई नाक मुरडतील, चालेल.

घाबरून खरेदी करणं मात्र वेगळं. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिठाच्या अफवेने लोक दुकानांवर तुटून पडले होते, काही ठिकाणी किलोला दोनशे रुपये मोजले. मीठ! तेही आपल्या देशात, जिथे गुजरातची आगरं देशाला पुरून उरतात. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांतही तेच मेसेज फिरले आणि केंद्रीय अन्नमंत्र्यांना साठा पुरेसा आहे असं जाहीर सांगावं लागलं. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा दोह्यात असलेल्यांना विचारा. दुकानांची शेल्फं पहिल्याच दिवशी रिकामी झाली ती लोकांच्या धावपळीने; नंतर तुर्कस्तान, इराण आणि ओमानमार्गे माल आला. ज्याने आधीच थोडंथोडं भरलेलं असतं त्याला अशा दिवशी रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि त्याच्या वाटचं त्या दिवशी दुसऱ्याला मिळतं. भाव चढावा म्हणून माल अडवणं याला आपल्याकडे इह्तिकार म्हणतात आणि ते नाजायज आहे. घरच्यांच्या पोटासाठी ठेवणं ते नव्हे. मराठीत आपण ‘बेगमी’ म्हणतो तो शब्दच मुळात फारसी बे-ग़मी आहे, चिंता नसणं.

आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी यंदा भिशीचा एक हप्ता वेगळा ठेवला. त्यातून तेलाचे डबे आणि तूरडाळ घाऊक बाजारातून एकत्र आणली आणि घराघरांत वाटून घेतली. ज्या दोघी तळमजल्यावर भाड्याने राहतात त्यांचं सामान वरच्या मजल्यावरच्या घरात ठेवलंय. यात काही मोठं काम नाही, दोन फोन आणि एक टेम्पो. दादीच्या गोळ्याही पंधरा दिवस पुढच्या घेऊन ठेवल्यात, असं ती मुलगी परवा सांगत होती.

एक काम मात्र अजून बऱ्याच घरांत बाकी आहे. रेशन कार्डावरच्या प्रत्येक माणसाचं ई-केवायसी झालंय का ते दुकानात जाऊन बघा. म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, मुंबईला गेलेल्या मुलांचं राहून जातं, सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच असतं. परगावी असलेल्याला जिथे आहे तिथल्या रेशन दुकानातही ते करता येतं. मुहर्रम संपेपर्यंत उरकून टाका.