सुनावणी झाली, ऐकले कोणी?

प्रकल्प येणार म्हटले की गावात मांडव पडतो. पोलीस बंदोबस्त लागतो. व्यासपीठावर जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आणि समोर गाव. याला जनसुनावणी म्हणतात. पण तिच्यात जनता किती आणि सुनावणी किती, हे आम्ही तपासायचे की नाही?

जनसुनावणीची तरतूद १९९७ साली आली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची आजची पद्धत ठरवली. ३० दिवसांची सूचना, चित्रीकरण, इतिवृत्ताचे जाहीर वाचन. कागदावर सारे चोख! मेख पुढे आहे. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करणाऱ्या सल्लागाराला पैसे देते कंपनी. अहवाल इंग्रजीत, गावाच्या भाषेत फक्त सारांश. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. मांडव रिकामा असला तरी ती 'पार पडते'. आणि हरकतींना उत्तर कोण देणार? तीच कंपनी! चोरानेच पंचनामा लिहावा, असा हा न्याय.

जैतापूर आठवा. १६ मे २०१० रोजी सुनावणी झाली. मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही, ही ग्रामस्थांची तक्रार होती. विरोध होऊनही २८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटींसह मंजुरी मिळाली. हरकती इतिवृत्तात राहिल्या, निर्णय दिल्लीत झाला.

यात आमचा माणूस कुठे आहे? ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला निदान मोबदल्याची नोटीस येते. भूमिहीन मजुराची मजुरी, गायरान आणि वस्तीची विहीर जाते. त्याची नोंद कोण घेतो? ज्या समाजाने १९२७ साली महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्याच्याच वस्तीचे पाणी आज अहवालाच्या परिशिष्टातही सापडू नये?

आम्ही विकासाचे शत्रू नाही. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी बाबासाहेबांनीच मजूरमंत्री असताना केली. आमचे म्हणणे एवढेच, की आधी विचारा, मग बांधा. मात्र आधी बांधा, मग परवानगी घ्या, हीच रीत झाली आहे. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा कार्योत्तर मंजुरीला मनाई केली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तो निकाल दोन विरुद्ध एक मताने मागे घेतला गेला.

म्हणून बांधवांनो, मांडवात नुसत्या घोषणा देऊन परतू नका. हरकत लेखी द्या, पोच घ्या. इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय उठू नका. भूमिहीनांची यादी हरकतीला जोडा. मंजुरी मिळाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवस आहे. सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद! घोषणा वाऱ्यावर जातात. पोच असलेला कागद मात्र न्यायालयात उभा राहतो.