सुरतेची कबर

सुरत म्हटली की आपल्याला १६६४ ची स्वारीच आठवते. परवा लेकीकडे गेले, तेव्हा नात मायांविषयी वाचत होती. १५६२ साली लांदा नावाच्या पाद्र्याने मायांच्या पोथ्या जाळल्या, आज जेमतेम चार उरल्यात. पुढे ती लिपी उलगडायला मदत झाली ती मात्र त्याच्याच टिपणांची! मायांनाच विचारून त्याने ती लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी डचांच्या कबरी बघायला गेलो. त्यातली एक दुमजली, घुमटाची. ती हेन्ड्रिक व्हान रीडची. कोचीचा हा एकेकाळचा डच प्रमुख १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजातच वारला. मलबारच्या वनस्पतींवर त्याने १२ खंड करवून घेतले, ‘हॉर्टस मलाबारिकस’. माहिती सांगितली इट्टी अच्युतन वैद्यांनी आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या कोकणी वैद्यांनी. चित्रांवर झाडांची नावे नागरीतही आहेत.

माझी सून हुबळीची. तिच्या काढ्याला मी बारा वर्षे ‘तुमच्याकडचं काहीतरी’ म्हणत आले. रात्री फोन लावला, “अगं, त्यात घालतेस तरी काय?”

“आडुसोगे, अत्ते. आपल्या परसातला अडुळसाच की!”