नाव नको, कारण जबाबदारी नको

कोल्हापूर आणि आसपासच्या पतसंस्था, फाउंड्र्या, दवाखाने, कॉलेजं यांच्या नेटवर्कचं काम करून मी पोट भरतो. त्यामुळे इथे जे लिहितोय ते ऐकीव नाही. मी उघडलेल्या रॅकांपैकी बहुतेकांत स्विचला एकच पासवर्ड सापडतो. संस्थेचं नाव, पुढे ॲट, पुढे एक-दोन-तीन. तो मॅनेजरला ठाऊक, क्लार्कला ठाऊक, मेंटेनन्सवाल्या एजन्सीच्या झाडून सगळ्या पोरांना ठाऊक, नोकरी सोडून गेलेल्यांनाही ठाऊक. काही ठिकाणी तर तो रॅकच्या दारावर चिकटवलेला असतो. याला लोक निष्काळजीपणा म्हणतात. मी याला लबाडी म्हणतो.

स्विच म्हणजे काय हे संचालक मंडळींना माहीत नसतं, म्हणून सांगतो. संस्थेतला प्रत्येक संगणक, प्रिंटर, कॅमेरा आणि सर्व्हर ज्या पेटीतून एकमेकांशी बोलतो, ती ही पेटी. तिच्यात शिरलेला माणूस कॅशियरचा संगणक एका ओळीत नेटवर्कमधून तोडू शकतो. एका पोर्टवरची सगळी ये-जा दुसऱ्या पोर्टवर उतरवून घेऊ शकतो. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग थांबवू शकतो. एवढी सत्ता ज्या दारामागे आहे, त्या दारात आपण ‘कोण?’ असं विचारतच नाही.

सिस्कोचा स्विच घ्या. दुरून आत शिरायच्या वाटांना तिथे व्हीटीवाय म्हणतात. त्या वाटेवर ‘पासवर्ड’ आणि नुसतं ‘लॉगिन’ लिहिलं, की स्विच येणाऱ्याला फक्त पासवर्ड विचारतो. ‘लॉगिन’ऐवजी ‘लॉगिन लोकल’ लिहिलं, की आधी नाव विचारतो आणि स्विचवर नोंदवलेल्या त्याच नावाच्या पासवर्डनेच आत सोडतो. फरक एका शब्दाचा. पण परिणाम बघा. पहिल्या पद्धतीत कुणी सेटिंग बदललं, तर लॉगमध्ये, म्हणजे स्विचच्या नोंदवहीत, एवढंच उमटतं, की व्हीटीवाय शून्यवरून बदल झाला, आणि कंसात एक आयपी पत्ता. दुसऱ्या पद्धतीत त्याच ओळीत माणसाचं नाव येतं. स्विचच्या आर्काइव्हमधली कमांड-नोंद चालू केली, तर कुणी कुठली कमांड दिली तेही कळतं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एका रात्री डिस्पॅचचं नेटवर्क बसलं. गाड्या गेटवर अडकल्या, सकाळी मालक तापले. लॉग मी पाहिला. व्हीटीवाय शून्य, आणि ज्या संगणकावर चार जण बसतात त्याचा पत्ता. नाव कुठेच नाही. मग दोषी कोण ठरला? ज्याचा पगार सगळ्यात कमी, ज्याच्या मागे कुणी नाही, तो. पोरगं हात जोडून सांगत होतं, की मी रात्री लॉगिनच केलं नव्हतं. ते खरं की खोटं, हे ठरवायला कुणाकडेच काही नव्हतं. त्याला घरी पाठवलं. पासवर्ड मात्र तोच राहिला.

माझा राग इथे आहे. वेगळं युजरनेम चोर पकडायला लागतं, तसं ते निरपराध माणसाला वाचवायलाही लागतं. नावच नसेल तिथे आरोप वरून खाली घरंगळत येतो आणि सगळ्यात खालच्या माणसावर थांबतो. वरच्यांना हे सोयीचं असतं. मॅनेजर स्वतः रात्री घरून आत शिरून काहीतरी उलटंसुलटं करतो, तेव्हा त्यालाही नावाची नोंद नकोच असते.

मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे : ‘आमच्यात सगळी घरचीच माणसं आहेत.’ हेच संचालक तिजोरीला दोन चाव्या ठेवतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. तेव्हा घरची माणसं आठवत नाहीत. पाचशे रुपयांच्या व्हाउचरवर सही लागते, रजेच्या अर्जावर लागते, आणि अख्ख्या संस्थेची नस जिथे आहे तिथे अंगठाही नको?

मेंटेनन्स एजन्सीवाले तर याहून मोठे गुन्हेगार आहेत. आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच साच्याचा पासवर्ड ठेवायचा, म्हणजे कुठलाही पोरगा कुठेही पाठवता येतो. तो पोरगा उद्या दुसऱ्या एजन्सीत गेला, की डझनभर संस्थांच्या चाव्या खिशात घेऊन जातो. त्याचं युजरनेम वेगळं असतं, तर एक ओळ पुसून काम भागलं असतं. इथे सगळीकडचा पासवर्ड बदलावा लागतो, म्हणून कुणीच बदलत नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला. ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी कितीतरी देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आणि आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही. तिथे मालवेअरने गाठला तो एटीएमचा स्विच, म्हणजे व्यवहार मंजूर करणारी यंत्रणा. मी ज्या पेटीबद्दल बोलतोय ती वेगळी, हा घोळ कुणी करू नये. पण एटीएमवर पैसे काढणाऱ्यांचे चेहरे कॅमेऱ्यात होते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. तुमच्या स्विचवर उद्या काही झालं, तर न्यायालयापुढे काय ठेवणार? व्हीटीवाय शून्य?

दरोड्याच्याच वर्षी, १९ ऑक्टोबर २०१८ ला, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली. नेटवर्कच्या उपकरणांचे कंपनीकडून आलेले पासवर्ड बदला, हे त्यात आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येत नाहीत, म्हणून त्या निर्धास्त. पण २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनेही आदेश काढला : लॉग १८० दिवस जपा, घटना घडली तर सहा तासांत कळवा. बिननावाचे लॉग १८० दिवस जपून कुणाचं भलं होणार आहे?

आणि हे करायला खर्च किती? शून्य. नवा स्विच नको, लायसन्स नको. प्रत्येक माणसाचं युजरनेम बनवा आणि त्यापुढे ‘पासवर्ड’ नव्हे तर ‘सीक्रेट’ लिहा. ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ चालू आहे म्हणून छाती काढू नका. त्यातून बनणारा सातव्या प्रकारचा मजकूर कुणीही काही सेकंदांत उलगडतो. टेलनेट बंद करा, त्यात पासवर्ड तारेवरून उघडानागडा जातो. त्याऐवजी सगळं झाकून नेणारं एसएसएच चालू करा. ‘लॉगिन लोकल’ लिहिण्याआधी युजरनेम बनलंय याची खात्री करा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. जुनं सेशन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा आणि मगच सेटिंग सेव्ह करा. भीती वाटत असेल, तर आधी दहा मिनिटांनंतरचं रीलोड लावून ठेवा आणि सगळं जमलं की ते रद्द करा. अडकलात तर स्विच आपोआप जुन्या सेटिंगवर येतो. स्विच जास्त असतील, तर नावं एका रेडियस सर्व्हरवर ठेवा, आणि तो बंद पडला तर चालावं म्हणून एक स्थानिक युजरनेम पाकिटात सील करून तिजोरीत. रॅकला कुलूप लावा, कारण कन्सोल केबल घेऊन समोर उभा राहिलेला माणूस पासवर्ड रीसेट करू शकतो. हे काम जाणत्या माणसाला एका दुपारी होतं. ‘वेळ नाही’ हे कारण मी आता ऐकून घेत नाही.

काम घेताना पहिली अट मी हीच घालतो. काही गिऱ्हाइकं त्यावरून गेली. जाऊ देत.

तुम्ही संचालक असाल, तर येत्या बैठकीत एक प्रश्न विचारा : आपल्या स्विचवर शेवटचा बदल कुणी केला, त्याचं नाव लॉगमधून काढून दाखवा. नाव दाखवता आलं नाही, तर ते दिसेपर्यंत एजन्सीचं बिल मंजूर करू नका, आणि आजवर त्या पेटीपायी ज्याला कुणाला घरी पाठवलं असेल, त्याची फाइल पुन्हा उघडा.