घोरणाऱ्याचा घोर

घोरतो तो नेहमी दुसराच. आपण स्वतः घोरतो असे आपणहून कबूल करणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. मोबाईलमध्ये त्याचा आवाज भरून घेऊन सकाळी त्याच्या कानाशी धरला, तरी तो शांतपणे म्हणतो, "छे, छे! हा शेजारच्या घरातला आवाज!"

आमचा दादा याच पंथाचा. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात त्याचे घर आहे, आणि दिवाळीला आम्ही सारी भावंडे मुलाबाळांसह तेथे जमतो. रात्री फराळाची ताटे उचलली, की हॉलमध्ये गाद्या पसरायच्या आणि दादापासून लांबची गादी पटकावण्यासाठी मुलांची झोंबाझोंबी व्हायची. त्याच्या घोरण्याला आम्ही नावेसुद्धा ठेवली होती. साधे घोरणे ती मालगाडी, वरच्या पट्टीतले ते डेक्कन क्वीन. सकाळी अभ्यंगस्नानाला उठताना दादाचे डोके हटकून दुखत असे. चहा पितापिता तो डुलक्या घेऊ लागला, की आम्ही हसायचो. "रात्रभर गाड्या चालवून दमला बिचारा!" असे मी स्वतः म्हणालो आहे. ते वाक्य आज आठवले, की मला माझीच लाज वाटते.

कारण गेल्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री पाणी प्यायला उठलो, तेव्हा वहिनी अंधारात उशाशी बसलेली दिसली. मी म्हटले, "वहिनी, आवाजाने झोप येत नाही का? आत जाऊन निजा ना."

ती हळूच म्हणाली, "भाऊजी, आवाजाचे काही नाही हो. आवाज चालू असला म्हणजे मला झोप लागते. हे गप्प झाले ना, की मी जागी होते."

एवढ्यात दादा गप्प झालाच. छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून वारा नव्हता. वहिनी ओठांतल्या ओठांत रामनाम मोजू लागली. मीही मोजू लागलो. पंचवीस झाली, तीस झाली. मग घशातून एक मोठा हुंदका फुटावा तसा आवाज झाला, दादाने सबंध अंग हलवले आणि मालगाडी पुन्हा सुरू झाली. वहिनी म्हणाली, "दोन वर्षे मी अशी मोजते आहे."

मी मराठी शिकवतो. 'घोरणे' आणि 'जिवाला घोर लागणे' हे दोन शब्दप्रयोग वर्गात अनेकदा सांगितले असतील. पण ते दोन्ही एकाच अंथरुणावर शेजारी शेजारी निजलेले मी त्या रात्री प्रथम पाहिले.

डॉक्टरांकडे जाण्याचे आणखी एक कारण होते. दादाच्या पायांवर सूज येऊ लागली होती. बोट दाबले की खळगा राहायचा. स्टेशनचा जिना चढताना त्याला मध्ये थांबावे लागायचे. "वय झाले" हे त्याचे उत्तर. वय अवघे त्रेपन्न! डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी करविली आणि एका रात्रीसाठी बोटाला चिमटा, छातीला पट्टा व नाकाशी नळी लावून झोपेची तपासणी केली. निष्कर्ष असा निघाला, की त्याचा श्वास झोपेत तासाला चाळीसवेळा अडत होता. या आजाराला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला की ती एक खेप धरतात. तासाला पाचांपर्यंत खपते, तिसांच्या वर गेले की आजार तीव्र. पण आम्हांला धक्का बसला तो दुसऱ्याच वाक्याने. डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला आहे, आणि हृदयाची उजवी बाजू थकू लागली आहे." घशातल्या अडथळ्याचा फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांशी काय संबंध? तेव्हापासून मी हा विषय समजून घेत आलो. तो बदलापूरकरांना समजेल अशा रीतीने सांगतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते, आणि काही माणसांत वाट अगदी बंद होते. छाती ओढत राहते, पण हवा येत नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. निरोगी माणसाच्या बोटाला लावलेला चिमटा ९५ च्या वरचा आकडा दाखवतो. अशा खेपेत तो ८० च्याही खाली जाऊ शकतो. मग मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो आणि घसा उघडतो. माणसाला सकाळी यातले काहीच आठवत नाही.

आता फुफ्फुस म्हणजे एक अवाढव्य स्टेशन आहे असे समजा. हवेच्या कोट्यवधी पिशव्या हे त्याचे फलाट. प्राणवायू हे उतारू, आणि हृदयाच्या उजव्या बाजूने आलेले रक्त म्हणजे रिकाम्या लोकल गाड्या. ज्या फलाटावर उतारू नाहीत, तेथे गाडी पाठवून उपयोग काय? म्हणून तेथील बारीक रक्तवाहिन्या आपोआप आवळतात, आणि गाडी उतारू असलेल्या फलाटाकडे वळते. शरीरातील इतर रक्तवाहिन्यांचा स्वभाव याच्या नेमका उलटा आहे. तेथे प्राणवायू कमी पडला की त्या रुंदावतात. आवळण्याची ही रीत फुफ्फुसाचीच. १९४६ साली स्टॉकहोमला फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या दोघा शास्त्रज्ञांनी मांजरांवर प्रयोग करून ती दाखवून दिली. त्यांपैकी फॉन ऑयलर यांना पुढे १९७० साली वेगळ्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

फुफ्फुसाचा एखादा कोपरा न्यूमोनियाने भरला, तर ही युक्ती प्राण वाचवते. पण घसाच बंद झाला म्हणजे? मग एकाही फलाटावर उतारू नाहीत. बिचारा स्टेशनमास्तर नियमाप्रमाणे सगळेच सिग्नल लाल करतो! मागून तर दर ठोक्याला गाडी येतेच आहे. दाब वाढतो, आणि तो सारा सोसायचा हृदयाच्या उजव्या बाजूने. ही बाजू मुळात पातळ भिंतीची. डावी बाजू शरीरभर रक्त ढकलते, तिचा सरासरी दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरांच्या घरात असतो. फुफ्फुसाकडचा सरासरी दाब अवघा १४ च्या आसपास. तो २० च्या वर गेला, की वाढला असे आज मानतात.

उंच डोंगरावर हेच होते. लेह साडेतीन हजार मीटर उंच आहे. तेथील हवेत प्राणवायू समुद्रकाठच्या दोनतृतीयांशच मिळतो. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरून एकदम डोंगरावर गेलेल्या आपल्या कित्येक जवानांच्या फुफ्फुसांत पाणी भरले. त्याच्या मुळाशी या आवळणाऱ्या रक्तवाहिन्याच असतात. जवान निदान चढून तरी जातो. आमचा दादा मात्र हेंद्रेपाड्यातल्या गादीवरून तासाला चाळीसवेळा लडाखला जाऊन येत होता, आणि आम्ही हसत होतो!

एका रात्रीने काही बिघडत नाही. श्वास आला की रक्तवाहिन्या पुन्हा सैलावतात. पण वर्षानुवर्षे हेच चालले, तर त्यांच्या भिंतींतले स्नायू जाड होतात, आतले अस्तर दुखावते, आणि मग दिवसासुद्धा वाट अरुंदच राहते. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे हेही सांगितले, की नुसत्या या आजाराने दाब बहुधा थोडाच वाढतो. पण सोबत फार लठ्ठपणा असला, किंवा विडी-सिगारेटने फुफ्फुसे आधीच झिजली असली, आणि दिवसाही प्राणवायू कमी पडू लागला, म्हणजे तो बराच चढतो. दादाने वीस वर्षे सिगारेट ओढली होती, आणि वजनाचा काटा तर कधीच शंभरीपार गेला होता. पायांवरची सूज ही थकलेल्या उजव्या बाजूची तक्रार होती.

हे एकट्या आमच्या घरचे दुखणे आहे असे समजू नका. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशोबाने शंभरातील १९.५ जणांचा श्वास झोपेत बिघडत होता, आणि ७.५ जणांना त्यापायी दिवसाही झोप अनावर होत होती. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी कारण सांगताना याच आजाराचे नाव घेतले होते. बदलापूरहून मुंबईपर्यंतच्या अडुसष्ट किलोमीटरांत उभ्याउभ्या झोपणारे चाकरमाने आपण रोज पाहतो. सगळेच काही आजारी नसतात, पहाटे उठावे लागते म्हणूनही झोप येते. पण त्यांतला एखादा तरी रात्रभर श्वासासाठी झगडून आलेला असतो.

यावर उपाय आहे, हे सांगण्यासाठीच हा प्रपंच. नाकावर मुखवटा बसवून एक छोटे यंत्र थोड्या दाबाने हवा आत सोडते, आणि त्या हवेच्या टेकूने घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांवर हा उपाय करून दाखविला. काही महिने नियमाने तो केला, तर फुफ्फुसातला वाढलेला दाबही उतरतो असे पुढच्या तपासण्यांत दिसले आहे. वजन कमी करणे आणि धूम्रपान सोडणे हे त्याच्या जोडीला आलेच.

दादाने आधी साफ नकार दिला. "ही सोंड लावून झोपू? मी काय गणपती आहे?" त्याची समजूत डॉक्टरांना घालता आली नाही, मला आली नाही. वहिनीने एवढेच म्हटले, "ठीक आहे. तुम्ही झोपा. मी आपली मोजत बसते." दादा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. तिच्या जागरणाची त्याला तोवर कल्पनाच नव्हती! त्या रात्री त्याने सोंड लावली, आणि आजतागायत लावतो आहे. आता डोके दुखत नाही. सूज उतरली आहे. जिना तो अजून सावकाशच चढतो. जे जाड झाले ते सारे पूर्ववत होईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. दोन वर्षे आधी आला असता तर बरे झाले असते, एवढे मात्र म्हणाले.

ती दोन वर्षे आम्ही हसण्यात घालवली. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही घरी गाद्या पडतील आणि कोणीतरी घोरेल. त्याची थट्टा अवश्य करा, दिवाळीच आहे! पण तो मध्येच गप्प झाला, तर हसणे थांबवून जरा मोजा. आणि मोजणे लांबले, तर भाऊबीज उरकताच त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. तुमच्या घरातही अंधारात कोणीतरी आधीपासून मोजत बसलेले असेल, त्याच्या जिवाचा घोर तेवढाच कमी होईल.