तोफखाना आणि दप्तरखाना

पाषाणच्या आयुध संशोधन व विकास संस्थेने २०१३ साली हाती घेतलेल्या १५५ मिलिमीटरच्या ‘अटॅग्स’ तोफेच्या खरेदीचा करार २६ मार्च २०२५ रोजी दिल्लीस झाला. तोफा ३०७, ओढगाड्यांसह किंमत सुमारे ६,९०० कोटी रुपये. पुणेकरांस याचा अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु २०१७ च्या प्रजासत्ताक दिनी जी तोफ साऱ्या देशाने राजपथावर पाहिली, तिच्या करारास पुढे आणखी आठ वर्षे लागावीत, हे अभिमानाच्या भरात विसरून चालणार नाही.

ही तोफ सहकार्यातून जन्मली. सरकारी शास्त्रज्ञ आणि भारत फोर्ज व टाटा या खाजगी उद्योगांचे अभियंते तिच्या घडणीत प्रारंभापासून एकत्र होते. खरेदीची वेळ येताच मात्र वापरणारा, बनविणारा, तपासणारा व पैसे देणारा असे चार घटक चार दालनांत बसले आणि कागद एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणच्या चाचणीत तोफेची नळी फुटून माणसे जखमी झाली. अशा वेळी दोष नळीचा, दारूचा की गोळ्याचा, याचा निवाडा हे तिन्ही बनविणारे समोरासमोर बसल्याखेरीज लवकर होत नाही.

या दुराव्यास इतिहास आहे. १९८६ साली ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, पुढच्याच वर्षी लाचेचे आरोप उठले, आणि अधिकाऱ्यास कारखानदाराच्या सावलीचेही भय वाटू लागले. त्यानंतर देवळालीस परदेशी बनावटीच्या नव्या तोफा समारंभपूर्वक दाखल होण्यास २०१८ उजाडले. हे भय सर्वस्वी अनाठायी होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने तोफ घडविण्यात भाग घेतला त्यानेच निविदा भरावी, यात पक्षपाताचा धोका आहेच. त्यावरील उपाय दार लावून घेणे हा नव्हे. प्रत्येक बैठकीचा निर्णय कारणांसह लिहून ठेवावा व लेखापरीक्षकास तो केव्हाही पाहता यावा, हा होय. अमेरिकेत संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी १९९५ साली अशीच संयुक्त पथके नेमण्याचा आदेश दिला होता. तेथील खरेदी त्यामुळे निर्दोष झाली नाही, हेही खरे. पथकास अधिकार नसेल तर ती आणखी एक समिती होते, आणि समित्यांची आपल्याकडे वाण नाही.

तेव्हा करार झाला म्हणून पथक मोडू नये. लष्कराचा अधिकारी, शास्त्रज्ञ, दोन्ही कारखान्यांचे अभियंते, गुणवत्ता निरीक्षक व अर्थखात्याचा प्रतिनिधी यांस शेवटची तोफ हाती पडेपर्यंत एकत्र ठेवावे, आणि आराखड्यातील लहानसहान बदल जागीच मंजूर करण्याचा अधिकार द्यावा. सुटे भाग करून देणाऱ्या लहान कारखानदारांचाही एक माणूस तेथे असावा. बदलाची वार्ता त्यास सर्वांत शेवटी कळते आणि नुकसान सर्वांत आधी सोसावे लागते. या पथकाची बैठक दिल्लीऐवजी पाषाणास भरवावी, अशी आमची सूचना आहे. पुणेकरांचा हा नेहमीचा हट्ट म्हणून कोणी हसतील. पण आराखडे पाषाणात आहेत.