आरोपाआधी पुरावा

ग्रामपंचायतींचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या तालुका पानावर पक्षवार गुणफलक झळकतो. वस्तुतः महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. इंदापूर तालुक्यातील शेळगावसारख्या गावात लढत होते ती पॅनेलांची. एकाच पॅनेलमध्ये दोन-तीन पक्षांची माणसे असू शकतात आणि भावकीची गणितेही असतात. तरीही अमुक पक्षाचा झेंडा फडकल्याचे छापून येते, ते बहुधा पुढाऱ्यांच्या दाव्यांवरून. छोट्या पक्षाचा निवडून आलेला सदस्य ‘इतर’ या रकान्यात जातो, नाही तर नाहीसाच होतो.

हा अन्याय आहे आणि तो जाहीरपणे मांडणे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. जो पक्ष मतदाराला दिसतच नाही, त्याला मत देण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते. प्रश्न आहे तो ही टीका कोणत्या नीतीने करावयाची, हा. ‘पत्रे विकली गेली आहेत’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळविते. सिद्ध मात्र काहीच करीत नाही.

या बाबतीत महाराष्ट्रातीलच एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीतील विकत घेतलेल्या बातम्यांचा प्रकार पी. साईनाथ यांनी चव्हाट्यावर आणला, तो शिव्याशाप देऊन नव्हे. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारा तोच मजकूर आला होता. तो त्यांनी वाचकांपुढे ठेवला. पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये नावानिशी अहवाल दिला. तो संपूर्ण प्रसिद्ध करण्याचे कौन्सिलने टाळले. परंतु माहितीच्या अधिकारामुळे २०११ मध्ये तो खुला करावा लागला. पुरावा होता म्हणूनच तो दडपून राहिला नाही.

तेव्हा टीका करणाऱ्याने अंक, तारीख व पान सांगावे. एका सभेची बातमी आली नाही म्हणून कट शोधू नये. महिन्याभराची कात्रणे मोजावीत आणि आपले पत्रक वेळेवर पोहोचले होते काय, हेही तपासावे. संपादकाला आधी लिहावे. प्रेस कौन्सिलकडे जाण्यापूर्वी तसे करावेच लागते, आणि दैनिक वा साप्ताहिकाविरुद्धची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावयाची असते. संपादकाचे उत्तर आले तर ते टीकेइतक्याच ठळकपणे छापावे. तालुक्याच्या वार्ताहरावर तर दात धरूच नये. तुटपुंजे मानधन आणि जाहिरातींचे कमिशन यांवर तो राबतो. त्याने पाठविलेली बातमी कोणी कापली हे त्यालाही कळत नाही. मालकाचा राग त्याच्यावर काढणे म्हणजे कारखानदाराचा राग ऊसतोडणी मजुरावर काढणे होय.

बलाढ्यांना कसलेही बंधन नाही, मग दुबळ्यांनीच नियम का पाळावेत, असे कोणी विचारील. छोट्या पक्षाजवळ पैसा नसतो, खपाचे पत्रही नसते. त्याच्याजवळ असते ती शब्दाची पत. एक खोटा आरोप ती घालवितो आणि पुढची खरी तक्रारही मग कोणी ऐकत नाही.

याची खरी कसोटी लागते ती वेगळ्याच वेळी. उद्या एखाद्या दैनिकाने न जिंकलेल्या चार जागा चुकून पक्षाच्या नावावर छापल्या, तर कार्यकर्त्याने त्याच दिवशी दुरुस्तीचे पत्र पाठवावे. वगळलेल्या एका सदस्यासाठी भांडण्याचा अधिकार त्यातूनच मिळतो.